केयासमोर बसणारी माणसं

विनीता तोंडाने फटकळ आहे हे अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या फ्रिस्को गावाला माहीत आहे. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्याच घरात, माझ्याच हातचा तिळगूळ तोंडात असताना ती असं काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"सरला, तुला राग येईल," ती म्हणाली. राग येईल असं आधी सांगणारी माणसं राग आणल्याशिवाय सोडत नाहीत. "पण तुझी केया ज्याला काढायला घेते ना, तो माणूस पुढे टिकत नाही गं. मोरेश्वरकाका बघ. कॅरीची अहिल्या बघ. केयाच्या घराचा तो म्हातारा मालक, काय बाई त्याचं नाव, तोही गेला. आपलं मनात आलं म्हणून बोलले."

"मनात येतं ते सगळं तोंडावाटे बाहेर काढायलाच हवं का?" मी म्हटलं आणि तिच्या मनगटावर अत्तर जरा जास्तच जोरात चोळलं. बायका हसल्या, मीही हसले. पण आदल्याच दिवशी केयाचा फोन आला होता. "आई, मी येतेय. थोडे मन्थ्स राहीन. बाबाचं पोर्ट्रेट करायचंय."

आमची केया चित्रकार आहे. प्रदर्शनाच्या कार्डावर तिच्या नावाखाली 'अमेरिकन रिअलिस्ट पेंटर' असं छापतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. मेतकूट-भात खाऊन वाढलेली पोर, म्हणे अमेरिकन! पण चित्रं बघितली की हसू येत नाही. ग्रॅनाइटच्या ओट्यावर कुकर, आणि त्याच्या मागे वाफेने ओली झालेली टाइल. गराजमधलं चपलांचं कपाट. नव्याने नोकरीला आलेल्या पोरांच्या अपार्टमेंटमधली जमिनीवरची गादी आणि भिंतीला टेकवलेली इस्त्री. लोक म्हणतात, अगदी फोटोच. फोटो म्हटलं की बया चिडते. फोटोवरून ती कधीच काढत नाही. वस्तू असो की माणूस, समोर हवा. त्याच खुर्चीत, त्याच उजेडात, दिवसच्या दिवस. आणि जे दिसतं तेच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही.

स्टेट कॉलेजला इंजिनिअर व्हायला पाठवली होती. ते अर्ध्यावर टाकलं आणि तिथेच जवळच्या एका गावात, कपडे धुवायच्या दुकानाच्या वर खोली घेऊन रंग कालवत बसली. तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. शैलेंद्र, माझा नवरा, शांतपणे तिला चित्र टेकवायचं ईझल घेऊन द्यायला गेला. या बापलेकीचं नेहमी असंच. मी ओरडायचं आणि यांनी गुपचूप आपलं तेच करायचं.

तर मोरेश्वरकाका. आमच्या मंडळात पेटी वाजवायचे. केयाने त्यांना पेटीसमोर कार्पेटवर मांडी घालून बसलेलं काढलं. तीन वर्षांपूर्वी गणपतीत चित्र पुरं झालं आणि त्याच दिवाळीत काका गेले. मग अहिल्या, माझी कॅरी गावातली मैत्रीण. तिच्याकडे केया जाऊन राहिली, हिवाळ्यात घरात आणलेल्या कढीपत्त्याच्या कुंड्यांमध्ये तिला बसवलं. चित्र झालं, आणि महिन्याभरात अहिल्याच्या मुलाचा फोन. मग तो घरमालक, मिस्टर डोलन. त्याचं चित्र मी पाहिलंही नाही. तो गेल्याचं केयानेच सांगितलं होतं, एका वाक्यात, आणि विषय बदलला होता.

मी गणिताची बाई. निवृत्त होईपर्यंत मिडल स्कूलच्या पोरांना हेच शिकवत आले की तीन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. म्हातारी माणसं जातात, त्यात चित्राचा काय संबंध! हे मला कळत होतं. पण कळणं वेगळं, आणि चौथं उदाहरण आपल्या घरातलं असणं वेगळं. केयाची गाडी ड्राइव्हवेत शिरली आणि मागच्या सीटवरून तिने ते ईझल ओढून काढलं, तेव्हा मी दार उघडायच्या आधी देवापुढे दिवा लावून आले.

"दुसरं कुणी मिळालं नाही का गं तुला?" चहा देता देता मी विचारलं. "विनीताला काढ. तिला फार हौस आहे."

एरवी खिदळली असती. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "नो आई. बाबाच."

"आणि याला विचारलंस का?"

"मला काय, बसायचंच तर आहे," शैलेंद्र म्हणाला. "रिटायर्ड माणूस. नाहीतरी बसूनच असतो." दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

आमच्याकडे पुढच्या दाराशी एक फॉर्मल डायनिंग रूम आहे. तिथे जेवत कुणीच नाही. टेबलावर मंडळाचे बॅनर, पेपर प्लेट्स, देणगीत आलेली भांडी, असा सगळा पसारा. केयाने तो हलवला, खिडकीचा पडदा काढून टाकला आणि उत्तरेच्या उजेडात शैलेंद्रची खुर्ची मांडली. खुर्चीचे पाय कार्पेटवर जिथे टेकले तिथे निळ्या टेपने खुणा केल्या, म्हणजे रोज खुर्ची तिथेच यावी. शैलेंद्रने निळा शर्ट घातला. कॉलर, वरचं बटण लावलेलं. आणि सुरू झालं.

केया बघते ते बघणं तुमच्या-माझ्यासारखं नसतं. आपण बघतो आणि पुढे जातो. ती थांबते. कपाळावरून भुवईवर, भुवईवरून डोळ्याच्या खालच्या कडेवर, मग कानाच्या पाळीवर, मग गळ्यावर. बघते, एक ठिपका लावते, परत बघते. मी स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात घेऊन उभी राहायची. जिथे जिथे तिची नजर जायची तिथे तिथे मला काहीतरी कमी झाल्यासारखं वाटायचं. वेडेपणा आहे, मला कळतंय. पण पोटच्या पोरीच्या नजरेची मला भीती वाटत होती, हे खरं आहे.

मग मी ठरवलं, चित्र पुरंच होऊ द्यायचं नाही. पुरं झालं तर पुढची भानगड ना! ठरवलं की मी मागे हटत नाही. सोमवारी दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट काढली, शैलेंद्रचा दात ठणठणीत असताना. मंगळवारी तो दिवाळीपासून देवळाच्या कमिटीला जायचा, तो दिवस आपोआप बुडायचा. बुधवारी त्याला भाजी आणायला शेजारच्या प्लेनोला पिटाळलं. एका सकाळी व्हॅक्यूम काढला आणि टेपच्या खुणांवरून असा जोरात फिरवला की निम्म्या उखडल्या.

"आई!" केया धावत आली. "टेप का काढलीस?"

"कचरा दिसला म्हणून काढली. माझं घर आहे, मी झाडणार."

तिने गुडघ्यावर बसून कार्पेटवरचे दाबलेले खळगे बोटांनी चाचपले आणि परत टेप लावली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. या मुलीला न भांडता काम करताना बघितलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

शेवटी मी दृष्ट काढली. हो, काढली. मीठ, मोहऱ्या, सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन शैलेंद्रवरून उतरवल्या. तो हसत होता, पण बसला मुकाट्याने. मग मी ते सगळं तापल्या तव्यावर टाकलं. दृष्ट नसेल तर मिरचीचा ठसका लागतो, घर खोकतं. आणि लागलेली असेल तर वासच येत नाही, असं आमच्याकडे सगळ्याच बायका मानतात. मी तव्यावर वाकून उभी राहिले. मिरच्या काळ्या पडल्या, धूर निघाला, आणि ठसका काही येईना.

"आई, एग्झॉस्ट फुल ऑन आहे," केया मागून म्हणाली.

स्मोक अलार्म वाजू नये म्हणून शैलेंद्रने आधीच पंखा लावून ठेवला होता. आता ठसका आला नाही तो पंख्यामुळे की दृष्टीमुळे? काय धरायचं मी? पंखा बंद करून परत मिरच्या टाकायचा धीर मला झाला नाही.

दुपारी दोघं झोपली की मी डायनिंग रूममध्ये जाऊन कॅनव्हास बघायची. रंगात ती लवंगेचं तेल घालते, महिने महिने वाळत नाही. पहिल्या आठवड्यात तिने कपाळ आणि डोळे पुरे केले होते. काय सांगू! शैलेंद्रच होता तो. डाव्या भुवईतला तो एक उलटा केस, डोळ्यांच्या कडेला ते मिश्कील काहीतरी. लग्नाआधी कॉलेजच्या कँटीनमध्ये असंच बघायचा. मला वाटलं, चला, बघणं वाईट नसावं.

मग एके दिवशी कॉलर गेली. आदल्या दिवशी नीट रंगवलेली कॉलर केयाने पात्याने खरवडून काढली होती.

"का गं? चांगली होती की."

"आता शर्ट तसा बसत नाहीये. इट चेंज्ड."

तिने नवी कॉलर काढली. गळ्यापाशी जरा पोकळ. पुढच्या आठवड्यात तीही खरवडली आणि अजून पोकळ काढली. मग गालाखालचा भाग खरवडला. मग हनुवटी. चित्र दिवसागणिक भरत जायला हवं, हे तर झडत चाललं होतं.

शैलेंद्र बारीक होत होता हे मला काय दिसत नव्हतं? दिसत होतं. दिवाळीनंतर त्याने ते दोनदाच जेवायचं फॅड धरलं होतं. आमच्या वयाच्या निम्म्या फ्रिस्कोने धरलं आहे. त्याचं पोट आत गेलं, पट्ट्याला नवी भोकं पडली. मी हळदीकुंकवात बायकांना सांगत सुटले होते की बघा, साखर कशी आटोक्यात आणली माझ्या नवऱ्याने! पण चित्रात बघितलं आणि तोच बारीकपणा मला वेगळा दिसायला लागला. वाटायला लागलं, हे चित्रच याला खातंय. इथला रंग तिथे जातोय.

"संध्याकाळचं जेवत जा," मी त्याच्या मागे लागले. "पुरे झालं ते डाएट."

"भूक नाही गं."

"तूप-भात देते. दोन घास."

"सरला, नको म्हटलं ना." आवाज चढवून तो माझ्याशी कधीच बोलत नाही. त्या दिवशी चढला. आणि लगेच म्हणाला, "बरं, दे थोडा." त्याने भात कालवला, चिवडला, आणि मी फोन घ्यायला गेले तेवढ्यात ताट सिंकमध्ये ठेवून दिलं.

होळीच्या आसपास विनीता पुरणपोळ्या घेऊन आली. दारातूनच तिला डायनिंग रूममधलं ईझल दिसलं. ती आत गेली. मी म्हटलं, आता सुरू होईल. पण ती कॅनव्हाससमोर उभी राहिली आणि एक अक्षर बोलली नाही. डबा माझ्या हातात दिला, माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला आणि म्हणाली, "येते गं. काही लागलं तर फोन कर." विनीता गप्प बसली तेव्हा मला खरी धडकी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेंद्र आंघोळीला गेला होता. केया डायनिंग रूममध्ये रंग कालवत होती. मी पोळ्या लाटत होते, आणि मधेच माझं काय बिनसलं कुणास ठाऊक. लाटणं टाकलं, तरातरा गेले आणि ईझलवरून कॅनव्हास उचलला. मोठा होता, दोन्ही हातांत मावेना, म्हणून छातीशी कवटाळला आणि गराजच्या दाराकडे निघाले. तिथे कचऱ्याचा मोठा डबा आहे.

"आई! आई, ते ओलं आहे!"

"ओलं असू दे नाहीतर वाळलेलं. हे चित्र पुरं होणार नाही. माझ्या घरात तर नाहीच नाही."

केया दाराला पाठ लावून उभी राहिली. "व्हाय आर यू डूइंग धिस?"

"का ते तुला चांगलं माहीत आहे. मोरेश्वरकाका, अहिल्या, तुझा तो डोलन. तू ज्याला बघत बसतेस तो माणूस जातो, केया. सगळं गाव बोलतंय. आता तू माझ्या नवऱ्याला बघायला आलीस? स्वतःच्या बापाला? आरशात बघ त्याचं काय झालंय ते. तू आल्यापासून!"

बोलून गेले. परत घेता येत नव्हतं. मला वाटलं ती आता इंग्लिशमध्ये ओरडेल, दार आपटून निघून जाईल. ती दाराला घसरत खाली जमिनीवर बसली.

"आई, तुला वाटतं मी त्यांना चूज केलं?"

"मग कुणी केलं?"

"त्यांनी मला विचारलं. सगळ्यांनी." ती हळू बोलत होती, मराठी शब्द शोधत. "मोरेश्वरकाकांनी काकूला सांगायच्या आधी मला सांगितलं. म्हणाले, बोटं चालतायत तोवर मला पेटीसमोर एकदा नीट बघून ठेव. अहिल्यामावशीने केमोच्या आधी बोलावलं. तिला केसांसकट हवं होतं. मिस्टर डोलन जिना चढून वर आला, ऑक्सिजन घेऊन. मी कुणालाच विचारत नाही आई. आय नेव्हर आस्क. ज्यांना कळलेलं असतं ना, ते मला बोलावतात. एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल. आता माणसं मी फक्त तशीच काढते."

खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. माझ्या पोरीच्या नजरेत काही नाही! माणसं चित्रामुळे जात नव्हती, जायची होती म्हणून चित्राला बसत होती. गणित उलटं मांडलं होतं आम्ही सगळ्या बायकांनी. कॅनव्हास अजून छातीशीच होता. आणि मग पुढची पायरी माझ्या लक्षात आली.

"बाबाला मात्र तू विचारलंस," मी म्हटलं.

ती जमिनीकडे बघत राहिली.

"केया. फोनवर तूच म्हणालीस, बाबाचं पोर्ट्रेट करायचंय. तूच विचारलंस ना त्याला?"

"दिवाळीत," ती म्हणाली. "त्याने फोन केला होता. गराजमधून."

कॅनव्हास कधी खाली ठेवला, मला आठवत नाही. पोळी तव्यावर जळत होती, त्याचा वास येत होता, आणि मी तिथेच उभी होते. मागून शैलेंद्र आला. निळा शर्ट घातलेला, वरचं बटण लावत. त्याने केयाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आधी जाऊन गॅस बंद केला.

"काय आहे?" मी विचारलं. "नाव सांग त्याचं."

"पॅन्क्रियास," तो म्हणाला. "लिव्हरपर्यंत गेलंय."

"कधी कळलं?"

"दिवाळीच्या जरा आधी."

"आणि ती मंगळवारची देवळाची कमिटी?"

"कमिटी नव्हतीच. डॉक्टरकडे जात होतो."

"वा! छान!" मी ओरडले. मला दुसरं काही सुचलंच नाही. "आणि मी बायकांना सांगत होते, साखर आटोक्यात आणली! तू ताटातला भात सिंकमध्ये टाकत होतास आणि मी तुझं कौतुक करत होते! लाज नाही वाटली तुला, शैलेंद्र?"

"वाटली ना. रोज वाटली." तो डायनिंग रूममधल्या त्या खुर्चीवर जाऊन बसला. उभं राहवत नव्हतं त्याला. हेही मला आत्ता दिसलं. "दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघं तेच म्हणाले, उन्हाळा निघाला तर खूप. म्हटलं, तुला सांगितलं की तू देव पाण्यात घालून बसशील. मला घेऊन हॉस्पिटलं हिंडशील. रात्रंदिवस माझ्या तोंडाकडे बघशील. मला तू ओरडणारी हवी होतीस गं. घर घरासारखं हवं होतं, जितकं होईल तितकं."

"आणि माझं काय? मी काय करायचं होतं? एक दिवस तू उठला नसतास आणि मग मला कळलं असतं?"

"चित्र झालं की सांगणार होतो."

तेव्हा आम्हा तिघांचंही लक्ष एकदमच चित्राकडे गेलं. मी ते भिंतीला टेकवलं होतं. कपाळ नव्हतं. डोळे नव्हते. जिथे ती उलट्या केसाची भुवई होती तिथे नुसता तपकिरी फराटा होता. मी खाली माझ्या कुर्त्याकडे बघितलं. सगळं माझ्या छातीवर आलं होतं.

"होईल ना परत?" मी केयाला विचारलं. "कपाळच तर आहे. काढशील ना तू?"

तिने बाबाकडे बघितलं, तशीच, कपाळावरून डोळ्यांवर. "मी जे दिसतं तेच काढू शकते, आई. ते मी जानेवारीत काढलं होतं." ती उठून आत आली, ब्रश उचलला. "तो बाबा आता नाहीये."

"फोटो आहेत की! ढीगभर फोटो आहेत!"

"राहू दे," शैलेंद्र म्हणाला. "आज आहे तसा काढ, पोरी. आज काय वाईट आहे?"

मी रडले. अगदी घळाघळा, लहान पोरासारखी, कुर्त्याला रंग, हाताला पीठ. रडता रडता त्याला शिव्या घातल्या, स्वतःला घातल्या. तो हात पसरून बसला होता, पण मी गेले नाही जवळ, कारण जवळ गेले तर त्याची हाडं लागतील अशी मला भीती वाटत होती. मग गेले. लागली. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिथे काहीच मऊ उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मी तोंड पुसलं, टेबलाजवळची एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी ठेवली.

"केया," मी म्हटलं, "मलाही काढ."

तिच्या हातातला ब्रश खाली पडला. मी असा चेहरा कधी बघितला नव्हता. एकदम पांढरी फटक पडली.

"का?" ती म्हणाली. "व्हाय? आई, तुला काय झालंय? डॉक्टरकडे गेली होतीस? आई, प्लीज, खरं सांग. प्लीज."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं. या मुलीला हा फोन किती वेळा आला असेल! कपडे धुवायच्या दुकानावरच्या त्या खोलीत एकटी बसलेली, फोन वाजतो, पलीकडे ओळखीचा आवाज म्हणतो, मला काढ. आणि तिला त्याच क्षणी सगळं कळतं. मग ते पोटात ठेवून ती समोर बसते, बघते, एकही सुरकुती चुकवत नाही. दिवाळीत बापाचा आला. आणि आम्ही हळदीकुंकवाला बसून म्हणत होतो, हिची नजर वाईट.

"मला काही झालेलं नाही गं," मी तिचे दोन्ही हात धरले. "धडधाकट आहे मी. बाबाची शपथ. मला नुसतं याच्या शेजारी बसायचंय."

तिला खरं वाटेना. ती माझ्याकडे बघायला लागली. कपाळ, डोळ्यांची कड, कानाची पाळी, गळा, हात. आयुष्यात पहिल्यांदा ती नजर माझ्यावर आली होती. आणि काही दिसलं तर? हे एवढं बघणाऱ्या पोरीला, मलाच माहीत नसलेलं काही दिसलं तर? पळून जावंसं वाटत होतं. पण तिला बघायची गरज होती, म्हणून मी हलले नाही.

"ओके," ती शेवटी म्हणाली आणि बाहीने नाक पुसलं. "ओके. पण दोघांसाठी मोठा कॅनव्हास लागेल. पहिल्यापासून. दोघं एकत्र म्हणजे इट विल टेक मन्थ्स, आई. पाच-सहा तरी."

शैलेंद्रने माझा हात हातात घेतला. केया त्याच्याकडे बघत नव्हती, तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मग उभी काय राहिलीस?" मी ओरडले. "आणलाय का दुसरा कॅनव्हास? आण. आत्ता सुरू कर."